बेंजो जपानचा, कान लालबागचा

प्रश्न : ताई, आमच्याकडे जेवताना वाद झाला तो अजून मिटलेला नाही. मुलगा कॉलेजात आहे, तो म्हणतो सध्या जगात कोरियाचं म्युझिक एक नंबर. माझे मेहुणे बारा वर्षं जर्मनीत राहून आलेत. त्यांच्या मते संगीत म्हणजे बाख आणि बीथोव्हन, बाकी गोंगाट. आमच्या ह्यांचं म्हणणं, ज्या देशात रागदारी आहे त्याने दुसऱ्याकडे बघायचंच कशाला? मला स्वतःला बोनी एम आवडायचं, पण सगळे हसतील म्हणून मी गुपचूप भात वाढत राहिले. कोणत्या देशांचं संगीत सगळ्यात चांगलं, ते तुम्हीच एकदा सांगून टाका.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बोनी एमचं नाव काढलंत आणि माझा जुना हिशेब वर आला. १९७७ साली मी फोर्टातल्या एका रेकॉर्डच्या दुकानात काउंटरला लागले आणि पुढची सव्वीस वर्षं तिथेच उभी होते. लागून वर्ष झालं नाही तोच आमच्या शेठच्या डोक्यात आलं की रेकॉर्डींची मांडणी देशवार हवी. झालं. सुतार आला, खणांवर पट्ट्या ठोकून गेला : भारत, इंग्लंड, अमेरिका, इतर. भरायचं काम माझ्याकडे. तासाभरात मी बोनी एमची एलपी हातात धरून शिडीवर अडकले.

ग्रुप पश्चिम जर्मनीतला. त्यांना एकत्र आणणारा फ्रँक फारियान जर्मन. गाणाऱ्या लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट जन्माने जमैकाच्या, मेझी विल्यम्स माँटसेराट बेटावरची, पुढे नाचणारा बॉबी फॅरेल अरुबाचा. तो ज्या घोगऱ्या आवाजावर ओठ हलवायचा तो आवाज मुळी त्याचा नव्हताच, फारियानचा होता. आणि १९७८ साली ज्या गाण्यासाठी लोक काउंटरवर हात आपटायचे, ते बॅबिलॉनच्या नद्यांचं गाणं जमैकातल्या द मेलोडियन्सनी १९७० मध्येच म्हटलेलं. शब्द बायबलातल्या स्तोत्रातले. म्हणजे मूळ शोक देशोधडीला लागलेल्या ज्यूंचा. यातलं अर्धं मला तेव्हा ठाऊक होतं, अर्धं नंतर कळलं, पण तेवढ्या अर्ध्यावरही ती एलपी कुठल्याच खणात बसेना. शेठ खालून ओरडले, "अगं, गल्ल्याजवळ ठेव, तिथून उचलतात." ठेवली. उचलली.

तेव्हा मेहुण्यांना बिनधास्त सांगा, मलाही जर्मन संगीत आवडतं. खोटं नाही. बाखच्या बाबतीत त्यांचं काही चुकत नाही म्हणा. एकट्या चेलोसाठी त्याने जे लिहिलंय ते मीही सकाळी कणीक मळताना लावते. पण एकदा त्यांना नरिमन पॉइंटला एनसीपीएत धाडा. तिथला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये उभा राहिला तो कझाकस्तानातून आलेल्या कितीतरी वादकांच्या जिवावर. कझाक माणूस मुंबईत बसून बीथोव्हन वाजवतो आणि ऐकायला कुलाब्याचे पारशी नि मुलुंडचे मेहुणे. इथे पट्टी कुठली ठोकायची?

चिरंजीवांचं कोरिया. नव्वदीच्या शेवटी आमच्याकडे पोरं बॅकस्ट्रीट बॉईज आणि ब्रिटनी स्पिअर्स 'अमेरिकन' म्हणून न्यायची. त्यातली सगळ्यात गाजलेली गाणी स्टॉकहोमच्या स्टुडिओत, मॅक्स मार्टिन आणि मंडळींनी बांधलेली. स्वीडनची वस्ती कोटभर, मुंबईपेक्षा कमीच. पण गावोगावी पालिकेच्या संगीतशाळा, तेव्हा पोरांच्या हाती वाद्य लवकर येतं. कोरियन कंपन्याही वर्षानुवर्षं स्वीडिश लोकांकडून चाली घेत आल्यात. मुलाला म्हणावं, आवडत्या गाण्याखालची बारीक अक्षरातली नावं एकदा वाच. नाचाची मेहनत मात्र अस्सल कोरियन, त्यात उसनं काही नाही.

आता तुमचे हे. घरातलं माणूस आहे, जपून बोलते. ज्या पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही, ती १८४० च्या दशकातली, पॅरिसची. आधी पायपेटी, मग आपल्याकडे हातपेटी झाली. हिच्यावर सूर घसरवत नेणारी मींड येत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती लागत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढलं आणि तीसेक वर्षं आत घेतलं नाही. तोवर लोकलच्या डब्यात आणि देवळात ती वाजतच राहिली.

आणि बेंजो! मी लालबागची. विसर्जनाच्या मिरवणुकीत हातगाडीवर कर्णे, मागे बॅटऱ्या आणि पुढ्यात गळ्यात पट्टा अडकवून बेंजोवाला. आमच्या चाळीत तळमजल्याला एक होते, गिरणीत साच्यावर. त्यांचा बेंजो मी जवळून पाहिलाय : लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं, अक्षरं पुसून गुळगुळीत झालेली. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्याने प्लास्टिकच्या तुकड्याने तार छेडायची. तो तुकडा ते जुन्या कंगव्याच्या पाठीतून कापून काढायचे आणि विसर्जनाआधी असे पाच-सहा कापून खिशात ठेवायचे, कारण लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत दोन तरी तुटतातच. कोळीगीत त्यावर असं वाजायचं की वाटावं, हे वाद्य वरळीच्या कोळीवाड्यातच जन्मलं. जन्मलं जपानात, नागोया शहरात, १९१२ साली. मोरिता गोरो नावाच्या माणसाने टाइपरायटरच्या बटणांवरून कल्पना उचलून केलेलं 'ताइशोगोतो'. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, आणि रस्त्यावर उतरल्यावर बेंजो. खऱ्या बेंजोशी त्याचा काही संबंध नाही, ती वेगळीच गंमत.

म्हणून देशाच्या खणांवर माझा विश्वास नाही. मला विचाराल तर बंदरं बघावीत. पेटी पॅरिसमध्ये घडत होती त्याच दशकात जर्मनीत बँडोनियन नावाचा भाता तयार झाला, पुढे माणसांबरोबर बोटीतून ब्युनॉस आयर्सला उतरला, आणि टँगोचा जीवच होऊन बसला. क्युबात तारा स्पेनहून आल्या आणि ताल आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांबरोबर आला. आपल्याकडे गोव्याचे व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले धोबी तलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, उतरले आणि हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं ते अँथनी गोन्साल्विस यांनी.

क्युबाचं एक सांगायलाच हवं. १९९६ मध्ये हवानाला एक रेकॉर्डिंग ठरलं होतं. मालीचे वादक येणार, क्युबाच्या वादकांबरोबर वाजवणार, म्हणजे समुद्र ओलांडून गेलेला ताल घरच्यांना भेटणार. मालीवाले व्हिसाच्या घोळात पोहोचलेच नाहीत. स्टुडिओ घेतलेला, काहीतरी तर करायला हवं, म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांना गोळा केलं. पियानोवाला रुबेन गोन्सालेस पंचाहत्तरी ओलांडलेला, घरात पियानो नव्हता. गाणारा इब्राहिम फेरेर सत्तरीला टेकलेला, वरकड पैशांसाठी बूटपॉलिश करायचा. त्यातून 'ब्युएना विस्टा सोशल क्लब' हा अल्बम निघाला, १९९७ ला बाहेर आला आणि जगभर गेला. आमच्याकडे आला तेव्हा एक सीलबंद प्रत मी स्वतःच्या पगारातून फोडली आणि दुकानात लावली. दुपारी तीनची वेळ, रिकामं दुकान. हायकोर्टातले एक वकील छत्री मिटत आत आले आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत हलले नाहीत. छत्रीचं पाणी सगळं माझ्या फरशीवर. तोवर खणावरची पट्टी बदलली होती : 'वर्ल्ड म्युझिक'. लंडनच्या कंपन्यांनी १९८७ साली ठरवून हे नाव काढलं. म्हणजे आमच्या शेठचं 'इतर'च, जरा इस्त्री केलेलं.

तुम्ही नावं मागितलीत, तर देते. पुढच्या महिन्यात विचारलंत तर क्रम बदललेला असेल. माली, तिथल्या एकवीस तारांच्या कोरासाठी. क्युबा. इजिप्त, एकट्या उम्म कुलसूमसाठी. आणि केप व्हर्डे. ही अटलांटिकमधली बेटं, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. आपल्या महापालिकेच्या एका वॉर्डाएवढी. तिथली सेझारिया एव्होरा अनवाणी उभी राहून गायची, आणि जगाला तिचं नाव कळलं तेव्हा ती पन्नाशीची होती.

आता ही नावं माझ्याकडे आली कुठून, तेही ऐका. उम्म कुलसूम महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रेडिओवर गायची, एकेक गाणं तासभर चालायचं. एक ओळ झाली की लोक ओरडायचे, ती तीच ओळ पुन्हा घ्यायची, वेगळीच करून. मला अरबीचं अक्षर येत नाही. पण तो गलका मी ओळखते. आमचे आजोबा बालगंधर्वांच्या नाटकातले वन्समोअर सांगायचे तेव्हा अगदी तस्साच गलका तोंडाने काढून दाखवायचे, आणि आजी आतून म्हणायची, "पुरे, शेजारी उठतील." केप व्हर्डेचा 'मोर्ना' हा गाण्याचा प्रकार म्हणजे बेट सोडून बोटीने गेलेल्या माणसांची हुरहूर. माझी आई भाऊच्या धक्क्यावर रत्नागिरीच्या बोटीकडे बघत उभी राहायची. बोट दिसेनाशी झाली तरी दहा मिनिटं हलायची नाही, आणि मी तिचा पदर ओढत असायचे. हे कान मी निवडले नाहीत, ते आमच्या चाळीत घडले. इटलीचा ऑपेरा मात्र आजतागायत झेपलेला नाही. चार वेळा बसले, चारही वेळा मध्यंतरात पळाले. थोर असणारच, पण आमच्या भिंतीपलीकडे तसं कुणी गायलं नव्हतं.

बोनी एम लावा. भात वाढून झाल्यावर.

प्रश्न : हल्ली काहीही वाजतं. चांगलं संगीत कोणतं हे जाणकारांनी ठरवून तेवढंच लोकांच्या कानावर का घालू नये?
— एक निवृत्त शिक्षक, ठाणे

उत्तर : गुरुजी, हा प्रयोग आपल्याच एका मराठी माणसाने करून पाहिलाय. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम त्यांनी देशभर नेला, त्याबद्दल हात जोडते. पण सिनेसंगीत त्यांना उथळ वाटायचं. निर्मात्यांशी बिनसलं आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. लोकांनी काय केलं? सुई रेडिओ सिलोनवर नेली. बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची बिनाका गीतमाला लागायची तेव्हा आमच्या मजल्यावरच्या अठरा खोल्यांपैकी रेडिओ चारच घरांत, पण आवाज अठराही खोल्यांत. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. आमच्या वडिलांना रविशंकरही आवडायचे आणि बिनाका गीतमालाही. त्यांनी मंत्र्यांना विचारलं नव्हतं, मंत्र्यांनीही त्यांना नाही.

प्रश्न : मित्र म्हणतात माझा चॉइस टुकार आहे. आवड सुधारता येते का?
— एक विद्यार्थी, गिरगाव

उत्तर : वाढवता येते. नवीन काही ऐकलंस की तीनदा ऐक, तिन्ही वेळा वेगळ्या वेळी. लोकलमध्ये धरू नकोस, तिथे सगळंच वाईट लागतं. कळत नाही म्हणून सोडू नकोस. भीमसेन जोशी कानडी मुलखातले, त्यांचे अभंग ऐकायला आपण रात्र रात्र बसलो.

'सुधारणे' या शब्दाशी मात्र माझं जमत नाही. दुकानात लागले त्या पहिल्याच पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाला मी एक ४५ ची छोटी रेकॉर्ड लावून दाखवली, आणि गडबडीत खटका राहिला ३३ वर. गाणाऱ्या बाईचा आवाज बाप्यासारखा, गाणं चिखलातून चालल्यासारखं. ते गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. चूक लक्षात आल्यावर मी माफी मागून नीट लावली, तर त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "हे नको, मघाचंच द्या." मी समजावलं की दोन्ही एकच. त्यांना पटेना. शेठ म्हणाले, वाद घालू नकोस, बिल कर. बिल केलं, आणि पाकिटावर पेन्सिलने लिहून दिलं : खटका ३३ वर ठेवणे. दोन महिन्यांनी ते परत आले आणि त्याच बाईंचं अजून काही आहे का, म्हणून विचारू लागले.