अर्ली डिसिजन आणि खासगी सल्लागार: पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतील निवडक विद्यापीठांच्या लवकरच्या प्रवेशफेरीविषयी या वेळी बरीच पत्रे आली. तिचा बंधनकारक प्रकार म्हणजे अर्ली डिसिजन: एकाच विद्यापीठाला लवकर अर्ज करायचा आणि निवड झाली, तर तिथेच जायचे. त्यांतील पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीतील सार्वजनिक शाळेत अकरावीत आहे. शाळेतील समुपदेशकांची वर्षातून दोनदाच भेट होते. एका खासगी सल्लागाराने बारा हजार डॉलरचे पॅकेज सांगितले असून, त्याच्या सांगण्याप्रमाणे अर्ली डिसिजनने अर्ज केला, तर आयव्ही लीगमधील (हार्वर्ड, येल यांसारख्या नामवंत विद्यापीठांच्या गटातील) प्रवेश “जवळजवळ नक्की” असे आश्वासन दिले आहे. हा खर्च करावा का?

“जवळजवळ नक्की” हे शब्द ज्याने उच्चारले, त्याच्याकडे आपण जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेशाचा निर्णय विद्यापीठाच्या समितीत होतो आणि त्या खोलीत कोणत्याही खासगी सल्लागाराला जागा नसते. स्वतंत्र सल्लागारांची आयईसीए ही संघटना १९७६पासून कार्यरत आहे. तिच्या आचारसंहितेनुसार सदस्याला प्रवेशाची हमी देता येत नाही, तसेच विद्यार्थी पाठवल्याबद्दल महाविद्यालयाकडून मोबदलाही घेता येत नाही. हमी विकण्याचा धंदा कुठवर जाऊ शकतो, हे मार्च २०१९मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात सर्वांनी पाहिले. त्याचा सूत्रधार रिक सिंगर याला जानेवारी २०२३मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, आणि पैसे दिलेल्या अनेक पालकांनाही तुरुंगात जावे लागले.

तरीही आपली अडचण खरी आहे. एका शालेय समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत, अशी अमेरिकन स्कूल काउन्सेलर असोसिएशनची शिफारस आहे. प्रत्यक्षात देशाची सरासरी त्याहून बरीच अधिक आहे. एवढ्या मुलांच्या गराड्यात आपल्या मुलीला मिळणारा वेळ अपुराच असणार. चांगला खासगी सल्लागार ही उणीव काही अंशी भरून काढतो. तो महाविद्यालयांची समतोल यादी करायला मदत करतो, तारखा सांभाळतो, निबंध वाचून प्रश्न विचारतो आणि घरात आई-वडील व मूल यांच्यात रोज होणारी वादावादी थोडी शांत करतो. माझ्या अनुभवात या शेवटच्या कामाचे मोल अनेकदा सर्वांत मोठे असते. ज्यांना पूर्ण पॅकेज नको असते, त्यांच्यासाठी तासाच्या दराने काम करणारे सल्लागारही असतात, आणि यादी व वेळापत्रक यांपुरते चार-पाच तास पुष्कळ घरांना पुरतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. गुणपत्रक, शाळेची माहितीपत्रिका आणि समुपदेशकाचे शिफारसपत्र हे तीनही कागद शाळेकडूनच जातात. म्हणून त्या दोन भेटी वाया जाऊ देऊ नका. भेटीपूर्वी मुलीने स्वतःविषयी एक पानभर मजकूर लिहून समुपदेशकांना द्यावा. कोणता विषय का निवडला, कुठे अडखळली, शाळेबाहेरचा वेळ कशात जातो. पत्र लिहायला बसलेल्या माणसाच्या हाताशी त्यामुळे काहीतरी खरे असते.

निबंधाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण बारा हजारांच्या पॅकेजमध्ये सर्वाधिक नुकसान होण्याची शक्यता तिथेच असते. कॉमन ॲप्लिकेशनचा, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी चालणाऱ्या सामाईक अर्जाचा, मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. एका मुलाने आपल्या निबंधाचे दोन मसुदे मला वाचायला दिले होते. पहिल्यात त्याने वडिलांबरोबर बिघडलेला कपडे वाळवण्याचा ड्रायर उघडल्याचा प्रसंग लिहिला होता. मागचे झाकण निघाल्यावर आत एक लहान मुलाचा मोजा आणि सदतीस सेंट सापडले. तो मोजा त्याच्या धाकट्या बहिणीचा होता आणि ती तोपर्यंत सातवीत गेली होती, हे त्याने एका वाक्यात लिहून सोडून दिले होते. दुसरा मसुदा सल्लागाराने “सुधारलेला” होता. त्यात मोजा नव्हता, सेंट नव्हते. “अभियांत्रिकीविषयीची जिज्ञासा”, “चिकाटी” आणि “नेतृत्व” हे शब्द होते. तो निबंध देशातल्या कोणत्याही मुलाचा असू शकला असता. मी त्याला पहिलाच मसुदा पाठवण्याचा आग्रह केला. अर्जाच्या शेवटी विद्यार्थी हे लेखन आपले स्वतःचे असल्याचे प्रमाणित करतो, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला मजकूर आपला म्हणून देणे हीसुद्धा कॉमन ॲप्लिकेशनच्या नियमांनुसार आता फसवणूक ठरते. “निबंध आम्ही लिहून देऊ” असे कोणी सुचवले, तर तिथेच उठावे.

प्रश्न : एका विद्यापीठाचे अर्ली डिसिजनचे प्रवेशप्रमाण नियमित फेरीच्या पाचपट असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. आमच्या मुलाचे अजून कुठेच मन बसलेले नाही. तरी केवळ शक्यता वाढवण्यासाठी कुठेतरी अर्ली डिसिजन करावे का? (इलिनॉयमधील एक आई)

आधी हे “पाचपट” कुठून येते, ते पाहू. अर्ली डिसिजन असलेली बहुतेक विद्यापीठे दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्याच्या प्रवेशविषयक विभागात एकूण अर्ज व एकूण प्रवेश दिलेले असतात आणि त्याच विभागाच्या शेवटी अर्ली डिसिजनचे अर्ज व प्रवेश वेगळे दिलेले असतात. वजाबाकी केली की नियमित फेरीचे चित्र हाती येते. समजा, एका काल्पनिक विद्यापीठाकडे एकूण ५०,००० अर्ज आले आणि २,४०० जणांना प्रवेश मिळाला. त्यांपैकी अर्ली डिसिजनचे अर्ज ६,००० आणि प्रवेश १,०००. म्हणजे लवकरच्या फेरीत जवळजवळ १७ टक्के आणि नियमित फेरीत ४४,०००पैकी १,४००, म्हणजे ३ टक्क्यांहून थोडे अधिक. सल्लागाराच्या सादरीकरणात हाच आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो.

आता त्या १,०००मध्ये कोण आहे, ते विचारा. प्रशिक्षकांनी आधीच निवडलेले खेळाडू प्रामुख्याने याच फेरीतून येतात. असे २०० खेळाडू धरले आणि ते सर्वच्या सर्व निवडले गेले असे मानले, तर उरलेल्यांसाठी ५,८००पैकी ८०० जागा, म्हणजे सुमारे १४ टक्के. माजी विद्यार्थ्यांची मुले जिथे अजून झुकते माप मिळवतात, तिथे त्यांचाही मोठा वाटा याच फेरीत असतो. शिवाय लवकर अर्ज करणाऱ्यांची तयारीही सरासरीने चांगली असते. म्हणजे पाचपट हा आकडा खरा असला, तरी तो आपल्या मुलाला लागू होणारा आकडा नव्हे.

फायदा शून्य आहे, असेही मी म्हणणार नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले होते की, लवकर अर्ज करण्याचा लाभ तेव्हाच्या सॅट परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या वाढीइतका होता. त्यामागचे कारण साधे आहे. अर्ली डिसिजनने निवडलेला विद्यार्थी येणारच, हे विद्यापीठाला ठाऊक असते. नियमित फेरीत निवडलेल्यांपैकी किती येतील, याचा अंदाज बांधावा लागतो आणि तो चुकला, तर वसतिगृहे रिकामी राहतात किंवा खाटा कमी पडतात. खात्रीच्या बदल्यात विद्यापीठ थोडी सवलत देते. ही सवलत सधन घरांनाच अधिक मिळते, या कारणाने हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६मध्ये लवकरची फेरी बंद करण्याचे जाहीर केले होते; २०११मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली. त्यांचे जुने कारण मला आजही पटते.

आपल्या मुलासाठी माझे उत्तर मात्र नकारार्थी आहे. अर्ली डिसिजन म्हणजे चार वर्षांचे वचन असते. मन बसलेले नसताना दिलेले वचन डिसेंबरच्या मध्यावर निकाल आला की अंगावर येते. त्याऐवजी बंधन नसलेल्या अर्ली ॲक्शनचा विचार करावा. एमआयटीची अर्ली ॲक्शन खुली आहे. पर्ड्यू आणि आपल्याच राज्यातील इलिनॉय विद्यापीठ यांच्या अर्ली ॲक्शनची मुदत साधारणपणे १ नोव्हेंबरला संपते आणि निवड झाली, तरी उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची लवकरची फेरीही बंधनकारक नाही. परंतु तिथे अर्ज करणाऱ्याला इतर खासगी विद्यापीठांत लवकर अर्ज करण्यावर निर्बंध असतात, म्हणून प्रत्येकाचा नियम शब्दशः वाचावा. कॅलिफोर्निया विद्यापीठात अशी लवकरची फेरी नाहीच. एखाद्या सल्लागाराने तिथेही “लवकर अर्जाची रणनीती” सांगितली, तर त्याच्या माहितीची कल्पना येते.

प्रश्न : आमचे कुटुंब टेक्सासमध्ये आहे आणि दोघांचे मिळून उत्पन्न मध्यम आहे. “आर्थिक साहाय्य कमी मिळाले, तर नकार देता येतो, बिनधास्त अर्ली डिसिजन करा,” असे सल्लागार म्हणतात. हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे महागात पडू शकते. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शालेय समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. त्या करारातच असे म्हटले आहे की, साहाय्यासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याला प्रवेश घेणे शक्य होईल एवढे साहाय्य मिळाले नाही, तर तो नकार देऊन मुक्त होऊ शकतो. परंतु त्या वेळी आपल्या हातात एकच प्रस्ताव असतो. दुसऱ्या विद्यापीठाने किती दिले असते, हे कळण्याची सोय नसते, कारण नियमित फेरीचे निकाल मार्चमध्ये येतात. “परवडत नाही” आणि “दुसरीकडे याहून स्वस्तात झाले असते” या दोन गोष्टींत फरक आहे आणि करार केवळ पहिलीसाठी सुटका देतो.

म्हणून क्रम उलटा करा. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्च काढून देणारे गणनयंत्र, म्हणजे नेट प्राइस कॅल्क्युलेटर, ठेवणे संघराज्याच्या कायद्याने २०११पासून बंधनकारक आहे. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी दोघांनी कर विवरणपत्र समोर घेऊन बसावे आणि खरे आकडे भरावेत. स्वतःचा व्यवसाय, भाड्याने दिलेले घर किंवा विभक्त पालक असतील, तर यंत्राचे उत्तर चुकण्याची शक्यता वाढते. अशा वेळी विद्यापीठाच्या साहाय्य कार्यालयाला थेट पत्र लिहून आधीच अंदाज मागावा. फाफ्सा या संघराज्य सरकारच्या साहाय्य अर्जात राहत्या घराचे मूल्य धरले जात नाही, सीएसएस प्रोफाइल या दुसऱ्या साहाय्य अर्जात मात्र ते विचारले जाते, आणि बरीच खासगी विद्यापीठे हे दुसरे कागद मागतात. टेक्सासमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी घर घेतलेल्या कुटुंबांच्या हिशेबात यामुळे मोठा फरक पडू शकतो. आयव्ही लीगमधील विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, त्यामुळे “हुशार आहे, काहीतरी मिळेलच” ही आशा तिथे धरू नये. त्या संध्याकाळी आलेला आकडा चारही वर्षे भरता येईल, असे दोघांनाही प्रामाणिकपणे वाटले, तरच सही करावी.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यातून अमेरिकेतील पदवीसाठी अर्ज करणार आहे. साहाय्याची गरज आहे. अर्ली डिसिजन केल्याने मदत होईल का?

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक विद्यापीठे निवड करताना साहाय्याची गरज विचारात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट यांसारखी मोजकी विद्यापीठे परदेशी अर्जदाराची गरज न पाहता निवड करतात आणि ती पूर्णपणे भागवतात. उरलेल्यांपैकी एखादे खरोखर पहिल्या पसंतीचे असेल आणि गणनयंत्राचा आकडा झेपणारा असेल, तर अर्ली डिसिजन योग्य ठरू शकते. अर्जात मागितलेले साहाय्य नंतर वाढवून मिळेल, असे गृहीत धरू नका. आपला सल्लागार एखाद्या विद्यापीठाकडून मोबदला घेतो का, हा प्रश्न त्याला लेखी विचारावा.

प्रश्न : मी बारावीत आहे. माझा अर्ली डिसिजनचा अर्ज डिसेंबरमध्ये पुढे ढकलला गेला, तर काय करायचे, याची आतापासून भीती वाटते. सल्लागार म्हणतात, तेव्हा आणखी पाच-सहा शिफारसपत्रे पाठवू.

तुझी भीती स्वाभाविक आहे आणि तिच्यावर उपायही आहे. अर्ज पुढे ढकलला गेला, म्हणजे तो नियमित फेरीत पुन्हा वाचला जातो आणि त्या क्षणापासून तुझ्यावरचे बंधन संपते. तेव्हा शाळेकडून सहामाहीचे गुण वेळेवर जातील, हे बघायचे आणि विद्यापीठ स्वीकारत असेल, तर एकच छोटे पत्र स्वतः लिहायचे: अजूनही इथेच यायचे आहे, आणि नोव्हेंबरनंतर हे नवे घडले. पाच-सहा शिफारसपत्रांनी तुझ्याविषयी नवे काही कळत नाही. वाचणाऱ्याचा वेळ मात्र जातो. दुसऱ्या कोणत्या विद्यापीठावर तुझे तितकेच मन असेल, तर काही ठिकाणी जानेवारीत अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते, जिचा निकाल फेब्रुवारीत लागतो. पण आधीच्या निराशेच्या भरात ती निवडू नकोस.

निकाल डिसेंबरच्या मध्यावर येतो आणि नियमित अर्जांच्या मुदती १ जानेवारीच्या आसपास संपतात. मधल्या दोन आठवड्यांत शाळेला सुट्टी असते आणि शिक्षक पत्रांना उत्तर देत नाहीत. म्हणून उरलेल्या अर्जांचे निबंध नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतच लिहून ठेव, आणि शिक्षकांना सर्व विद्यापीठांची पूर्ण यादी ऑक्टोबरमध्येच दे.