भाड्याच्या गाडीने क्रुगर आणि आसपासची गावं कशी पाहावीत?

नाशिकहून जुलैत चौघे निघताय, जोहान्सबर्गला गाडी घेऊन दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर राष्ट्रीय उद्यान गाठायचंय, आणि वाटेत प्राणी व गावाकडचं जगणं नीट पाहायचंय, असं तुम्ही विचारलंय. महिना उत्तम आहे. जुलै म्हणजे तिथला कोरडा हिवाळा. गवत वाळून विरळ होतं, ओढे आटतात, म्हणून जनावरं नद्या-तळ्यांकडे येतात. पहाटे थंडी मात्र कडाक्याची, जाड जॅकेट हवंच.

गाडी तिथेही डावीकडूनच चालवतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा (फी १००० रुपये, मुदत एक वर्ष). मूळ लायसन्सही जवळ ठेवा. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावावर लागतं. उंच बैठकीची गाडी घ्या, झुडपांपलीकडचं दिसतं.

उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किमीची मर्यादा आहे. थांबत थांबत प्रत्यक्षात २५ च पडतो, म्हणून दिवसाला १००-१२० किमीच आखा. लोक नेमके इथे चुकतात. अंतराला ५० ने भागून बेत आखतात, मग साडेपाचला दार बंद व्हायच्या धास्तीने संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा तास पळण्यात घालवतात. स्कुकुझा ते लोअर साबी या दोन मुक्कामाच्या तळांमधल्या नदीकाठच्या रस्त्याला अख्खी सकाळ द्या. शेवटी सनसेट डॅमवर पाणघोडे आणि मगरी गाडीत बसूनच दिसतात. ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही खाली उतरायचं नाही.

इम्पालांचा (हरणासारख्या प्राण्यांचा) कळप चरणं थांबवून एकाच दिशेला टक लावून उभा असेल, तर इंजिन बंद करा आणि वीस मिनिटं हलू नका. जिराफही असाच स्तब्ध होतो. बिबट्यासाठी नदीकाठच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या बघा, आधी लोंबणारी शेपटीच नजरेस पडते. रस्त्यावरच्या हत्तीच्या लिदीवरून चाक नेऊ नका, तिच्यात शेणकिडे असू शकतात.

हत्तीपासून निदान ५० मीटर लांब राहा. गालावर ओघळ, मागच्या पायांवर मूत्राची धार दिसली तर तो माजावर आहे. हळूच गाडी मागे घ्या. आई आणि पिल्लाच्या मध्ये कधीच जाऊ नका.

दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. सराव मार्चच्या आत, स्थलांतरित पक्षी असेपर्यंत, नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यांवर करा. २०२० साली रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलेली ही पाणथळ जागा आपल्या निफाड तालुक्यातच आहे.

गावांसाठी आर-४० रस्ता धरा. एम्बोम्बेला शहराच्या पुढे मॅकाडेमिया, केळी, ॲव्होकॅडो रस्त्याकडेला विकायला असतात. मलेलानेकडे गेलात तर ऊसच ऊस. कुंपणाजवळच्या गावांत गुरं नीट पाहा. उद्यानातल्या रानम्हशी लाळ्या-खुरकुताचा विषाणू बाळगतात, स्वतः क्वचितच आजारी पडतात. म्हणून उद्यानाला कुंपण आहे, आसपासच्या गुरांची ने-आण नियंत्रित आहे आणि त्यांची नियमित तपासणी होते, बहुधा गोचिडांच्या औषधाच्या हौदापाशी. गोठा सांभाळणाऱ्या माणसाशी बोलायला यापेक्षा चांगला विषय नाही. फोटो विचारूनच काढा. या विषाणूमुळेच उद्यानातून कच्चं मांस बाहेर नेऊ नका.

अंधार पडल्यावर आर-४० वर गाडी घालू नका. गाई-शेळ्या आणि पायी चालणारी माणसं रस्त्यातच असतात, खड्डेही असतात. क्रुगर मलेरियाच्या भागात येतं. हिवाळ्यात धोका कमी असला तरी निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचा नियम तिकीट काढतानाच तपासा, कारण ती लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.