झेलमच्या दोन रात्री : कोणत्या वेळी कोणता डबा उघडायचा

तुमचा प्रश्न असा : मेमध्ये पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मूला आणि तिथून वैष्णोदेवीला जाताय. सोबत सासू-सासरे आणि दोन लहान मुलं आहेत. सासूबाईंना मधुमेह आहे, घरात ओव्हन नाही, मुलांना केक हवाय. घरचं काय न्यावं, आणि ते किती टिकेल?

झेलम संध्याकाळी सुटते आणि जम्मूतवीला तिसऱ्या दिवशी सकाळी पोचते. म्हणजे एक रात्रीचं जेवण, दुसरा आख्खा दिवस आणि उतरायच्या सकाळची न्याहारी, एवढीच सोय करायची आहे. ‘काय टिकतं’ याची यादी करण्यापेक्षा पदार्थात ओलावा किती आहे ते बघा आणि त्या क्रमाने डबे भरा. ओलं ते आधी, कोरडं ते शेवटी. मेच्या उन्हात भुसावळच्या पुढे डबा तापणारच, हे धरून चाला.

पहिल्या रात्री काहीही न्या : पोळी, बटाट्याची कोरडी भाजी, दहीभातसुद्धा. दहीभात नेलात तर दौंड-नगरच्या आसपासच संपवा. भाजीत ओलं खोबरं आणि टोमॅटो नको, रात्र लांबली तर हेच आधी आंबतं.

दुसऱ्या दिवसाचा आधार म्हणजे दशम्या. ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, चवीपुरतं मीठ, आणि पाण्याचा थेंबही न घालता दुधात भिजवायचं. दुधामुळे दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, पोळीसारखी वातड होत नाही. पूर्वी प्रवासाला दशम्याच नेत, त्याला आणखी एक कारण होतं. दुधात भिजवलेलं खरकटं धरत नसत, त्यामुळे सोवळं पाळणारी मंडळीही गाडीत खाऊ शकत. सासूबाईंसाठी ज्वारीच्या करा, मुलांसाठी गव्हाच्या, हव्या तर गूळ घालून. तव्यावरून काढलेली प्रत्येक दशमी सुती फडक्यावर सुटी पसरा. गरम असताना डब्यात रचली की झाकणाला आतून घाम येतो, तो खाली टपकतो, आणि वरची दशमी चिकट होऊन संध्याकाळपर्यंत वास मारायला लागते. पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात गुंडाळून डब्यात घाला.

धपाटे चवीला वरचढ, पण त्यात कांदा किंवा कोथिंबीर असेल तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळीच खाऊन टाका. रात्रीसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या ठेवा : कणीक, थोडं बेसन, थोडा रवा, ओवा, तीळ, हळद, तिखट आणि कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजवायचं. या पुऱ्या तिसऱ्या दिवशीही चांगल्या लागतात. तोंडी लावायला शेंगदाण्याची कोरडी चटणी, कारळाची चटणी, लिंबाचं लोणचं. लसणीची चटणी न्या, पण गाडीतच संपवा. कटऱ्यात, म्हणजे वैष्णोदेवीची चढण सुरू होते त्या गावात, बऱ्याच ठिकाणी जेवण कांदा-लसणाशिवायचं असतं, तिथे ती बाटली उगीच ओझं.

आता केक. रव्याचा केक ओव्हनशिवाय उत्तम होतो. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी दही, एक वाटी साखर, अर्धी वाटी तूप आणि साधारण एक वाटी दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुगला की चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून हलक्या हाताने ढवळा. बरेच जण हा कुकरमध्ये, शिट्टी आणि रिंग काढून करतात. माझं मत विचाराल तर रोजचा चांगला कुकर पाण्याशिवाय तापवू नका. जाड बुडाचं जुनं पातेलं किंवा कढई घ्या, तळाशी जाड मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापू द्या, मग केकचं भांडं ठेवून आच कमी करा. पस्तीस-चाळीस मिनिटांनी सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. फक्त हा केक ओला असतो, मेमध्ये दुसऱ्या दिवसाच्या दुपारपलीकडे त्यावर भरवसा ठेवू नका.

त्यापुढच्या वेळेसाठी त्याच मिठाच्या कढईत नानकटाई करा. घट्ट तूप अर्धी वाटी आणि पिठीसाखर तेवढीच किंवा किंचित जास्त. हे पांढरं, हलकं होईपर्यंत फेटायचं. खरी मेहनत इथेच आहे, इथे कंटाळा केलात तर नानकटाई दडस होते. मग एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, चमचाभर रवा, चिमूटभर सोडा, वेलची. गोळे सुटे सुटे ठेवा, पसरतात. वर चिरा पडल्या आणि कडा बदामी झाल्या की काढा. तेव्हा त्या बोटाने दबतात. कच्च्या राहिल्या म्हणून पुन्हा आत घालू नका, गार होताना खुसखुशीत होतात. आमच्याकडे पूर्वी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि पत्र्याचा डबा भरून बिस्किटं भाजून आणायचे. तुमच्या भागात अशी भट्टी अजून असेल तर कढईचा खटाटोप करूच नका.

सासूबाईंच्या वाटणीला फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि कणीक-ओव्याची खारी बिस्किटं वेगळ्या डब्यात द्या, आणि तो डबा त्यांच्याच पिशवीत, हाताशी. वरच्या बर्थवरच्या बॅगेत ठेवलात तर ऐन वेळी मिळणार नाही. गोळ्यांची वेळ आणि जेवणाची वेळ आधीच जुळवून घ्या. गाडी उशिरा धावतेय म्हणून जेवण पुढे ढकलू नका.

विजेची किटली नेऊ नका. डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटला ती लावायला मनाई आहे. गरम पाणी घरून थर्मासमध्ये घ्या, पुढे चहावाल्याकडून मागा. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलांना गरम वरण-भात हवाच असेल, तर आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवर पीएनआर टाकून पुढच्या स्टेशनवर जेवण मागवता येतं.

जम्मूला उतरल्यावर मात्र डबे उघडू नका. उरलंच असेल तर नानकटाई कटऱ्याच्या चढणीसाठी खिशात टाका, आणि सगळ्यांना आधी तिथला राजमा-चावल खाऊ घाला, वरून तूप मागून घ्या.