तुमचे प्रश्न : बाळंतपण झालं, पण ते मनातून जात नाही

प्रश्न : मुलगी चार महिन्यांची आहे. रात्रभर कळा सोसल्यावर ऐनवेळी सिझर करावं लागलं. ते दिवे, ती धावपळ, कुणीच काही न सांगणं अजून डोळ्यांसमोर येतं. त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने रिक्षा गेली तरी छातीत धडधडतं. घरचे म्हणतात, बाळ सुखरूप आहे ना, मग विसर आता. नव्या आयांच्या गटात जावं का? तिथे सगळं सांगावं लागतं का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : बाळ सुखरूप आहे हे खरं, आणि तुम्ही भयंकर घाबरला होतात हेही खरं. केसपेपरवर सगळं व्यवस्थित पार पडलेलं असतं, तरी ‘माझ्या शरीराचं काय चाललंय ते मला कुणी सांगत नव्हतं’ ही भावना आत रुतून बसते.

गटात जरूर जा. मात्र चांगल्या गटात सांगण्याची सक्ती नसते. आपलं नाव आणि बाळ किती महिन्यांचं, एवढं बोलून पहिली बैठक संपली तरी चालतं. नुसत्या ऐकणाऱ्या बाईलाही हे आपल्या एकटीचं नाही हे कळतं. ‘आज सगळं बोलून मोकळी हो’ असा आग्रह धरणाऱ्या गटापासून मात्र लांब राहा. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, अवघड बाळंतपणानंतर एकाच बैठकीत तो प्रसंग पुन्हा जगायला लावणारे उपचार देऊ नयेत. एका तासात सगळं वर येतं आणि घरी गेल्यावर ते सावरायला कुणी नसतं.

प्रसंग पुन्हा पुन्हा दिसणं, रस्ता टाळावासा वाटणं, धडधड हे महिन्याहून जास्त टिकलं तर गट पुरेसा नाही. ही आघातानंतरच्या ताणाची, म्हणजे पीटीएसडीची लक्षणं असू शकतात. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ट्रॉमावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातली थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्या आठवणींचा त्रास कमी करणारी थेरपी) या उपचारांचा यात उपयोग होतो. औषध लागलंच तर अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत, तेव्हा भीतीपोटी स्वतःहून दूध तोडू नका. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत असा गट सुरू करावा असं आम्हा तिघींच्या मनात आहे. तिघींपैकी कुणीच डॉक्टर नाही. काय काळजी घ्यावी?
— तीन मैत्रिणी

उत्तर : डॉक्टर असण्याची गरज नाही, पण नेम हवा. सहा ते आठ जणी पुरेत. त्याहून जास्त झाल्या की निम्म्या जणी गप्प बसतात. पंधरा दिवसांतून एकदा दीड तास, अशा सहा बैठका आधीच ठरवून टाका. वेळ सकाळी अकराची ठेवा, मालिश-आंघोळ उरकून बाळं तेव्हा जरा निवांत असतात. खुर्च्यांऐवजी गाद्या अंथरा, लोडाला टेकून पाजता येतं. टाके ओले असणाऱ्या एखादीसाठी मात्र पाठ असलेली खुर्ची ठेवा. सव्वा महिना घराबाहेर न पडणाऱ्या बाळंतिणीला व्हिडिओ कॉलवर घ्या, फक्त तिच्या खोलीत त्या वेळी दुसरं कुणी नको हे आधी ठरवा. सासूबाई शेजारी शेकशेगडी करत असताना कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

बैठक दोघींनी मिळून चालवा. एक बोलण्याकडे लक्ष देईल, दुसरी चेहऱ्यांकडे. बोलता बोलता एखादीचा श्वास वर चढला, नजर एकाच जागी खिळली, हात गार पडले, तर ‘पुढे काय झालं?’ विचारू नका. तिथेच थांबवा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा, पाणी द्या. ती शांत झाली की पुढे बोलायचं की नाही हे तिला ठरवू द्या.

गट मोडतात ते बहुतेक ठरावीक कारणांनी. ‘माझ्या वेळी तर याहून वाईट झालं’ ही चढाओढ सुरू होते. कुणीतरी ‘नॉर्मल झालं असतं तर बरं’ म्हणतं आणि सिझर झालेल्या दोघी पुढच्या वेळी येत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा : सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही, ‘निदान बाळ तरी…’ हे वाक्य इथे नको, आणि ऐकलेलं जिन्यात किंवा लिफ्टमध्ये बोलायचं नाही. एकाच सोसायटीत हा शेवटचा नियम सगळ्यात कठीण जातो. म्हणून शेजारच्या सोसायटीतल्या बायकांनाही घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त वेळ आणि जागा कळवण्यापुरता ठेवा, मेसेज फक्त अ‍ॅडमिनने टाकायचे. रात्री दोनला कुणी ‘मला जगायचं नाही’ असं लिहिलं आणि ते सकाळी आठला वाचलं गेलं, असं होऊ देऊ नका.

गरोदर बायकांना यात घेऊ नका, त्यांना हे ऐकून उगाच धास्ती बसते. बाळ गमावलेल्या आईला इतरांच्या मांडीवरची बाळं बघत बसवणंही क्रूर आहे. तिच्यासाठी वेगळी सोय हवी.

आणखी एक साधन जवळ ठेवा : बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला मदत करणारी एडिनबरा प्रश्नावली. गेल्या सात दिवसांबद्दलचे १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. बेरीज १३ किंवा जास्त आली तर डॉक्टरकडे पाठवा. हे निदान नव्हे, फक्त इशारा आहे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, तिला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. आज दहावा दिवस. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, तरी थकत नाही, अखंड बोलते. हे बाळ आपलं नाही, बदललंय, म्हणते. शेजारी म्हणतात बाहेरचं आहे. तिला गटात नेलं तर मन रमेल का?
— एक आई, हडपसर

उत्तर : ताई, गट नाही, आजच्या आज मनोविकार विभाग असलेलं हॉस्पिटल गाठा. ससूनमध्ये हा विभाग आहे. तिला घेऊन जाणं जमत नसेल तर १०८ला फोन करा. तोवर तिला आणि बाळाला एक क्षणही एकटं सोडू नका. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत होणारा हा गंभीर मानसिक आजार (पोस्टपार्टम सायकोसिस) असू शकतो. हजारात एखाद-दोन बायकांना होतो आणि उपचारांनी बरा होतो. उतारे-अंगारे यात वेळ घालवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू वेगळं, ते दोन आठवड्यांत ओसरतं. भरती करावं लागलं तरी बाळ हिरावलं जाईल ही भीती नको. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी वेगळं करायचं नसतं. आईकडून बाळाला धोका असेल तर डॉक्टर तात्पुरतं वेगळं ठेवू शकतात.

प्रश्न : बायकोला त्या रात्रीचं मधलं काहीच आठवत नाही आणि त्याचाच तिला त्रास होतो. हॉस्पिटल फाइल देईल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : द्यायला हवी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि डॉक्टरांनी त्या तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात. अर्जावर बायकोची सही घ्या आणि पोचही घ्या. डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. प्रसूती कक्षातल्या नोंदी, ऑपरेशनच्या नोंदी आणि भूल दिल्याचा कागद नावानिशी मागा. घरी एकट्याने वाचायला बसण्यापेक्षा तिचे प्रश्न लिहून काढा आणि डॉक्टरांची वेगळी वेळ घ्या. निर्णय किती वाजता बदलला, का बदलला, तेव्हा तिला काय दिलं होतं, हे क्रमाने विचारा. तिला नको असेल तर फाइल तशीच कपाटात राहू द्या.