थेरपिस्टच्या मनातला राग, माया आणि भीती : तुमचे प्रश्न

प्रश्न : माझ्या थेरपिस्टला मी आवडत नाही असं सारखं वाटतं. याचा ट्रीटमेंटवर परिणाम होतो का?

होऊ शकतो. थेरपिस्टच्या मनात पेशंटबद्दल जे उमटतं त्याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने १९१० मध्ये ते मांडलं तेव्हा तो अडथळा मानला जायचा, पण १९५० मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी उलट म्हटलं की हीच भावना पेशंटला समजून घ्यायला कामी येते. मला हे पटतं. राग येण्यात गैर काही नाही, पण तो ओळखला नाही तर तोच गुपचूप निर्णय घ्यायला लागतो. म्हणजे सेशन पाच मिनिटं आधीच गुंडाळलं जातं, फोनला उत्तर उशिरा जातं, फाइलवर ‘पर्सनॅलिटीचा प्रॉब्लेम’ असं लिहिलं जातं आणि ‘यांना दुसऱ्या कुणाकडे पाठवूया’ हे एकदम शास्त्रशुद्ध वाटायला लागतं. तुम्हाला जे जाणवतंय ते त्यांना सरळ विचारा, चांगला थेरपिस्ट चिडणार नाही.

प्रश्न : माझी थेरपिस्ट फार माया करते, वेळ संपली तरी बोलत बसते. हे चांगलंच ना?

दरवेळी नाही. माया जास्त झाली की अवघड प्रश्न राहून जातात, दारू किती पिता, जीव द्यायचे विचार येतात का, कारण दुखवायला नको वाटतं.

प्रश्न : मी ट्रेनी आहे. एक पेशंट सारखं मरायचं बोलतो, त्याची अपॉइंटमेंट असली की पोटात गोळा येतो आणि वाटतं सरळ अॅडमिट करून मोकळं व्हावं.

हे तुम्ही बोललात ते फार बरं केलंत. १९७४ मध्ये माल्ट्सबर्गर आणि ब्यूई या मानसोपचारतज्ज्ञांनी नेमकं यावरच लिहिलं होतं, आत्महत्येचा विचार करणाऱ्या पेशंटबद्दल थेरपिस्टच्या मनात चीड येते आणि नकोसेपणही येतं, आणि त्यातलं नकोसेपण जास्त घातक कारण त्यातून पेशंटला वाऱ्यावर सोडलं जातं. पण म्हणून भीती दाबू नका, ती खऱ्या धोक्याची खूणही असू शकते. आधी रिस्क नीट तपासा : प्लॅन आहे का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न केलाय का, घरी कोण असतं. धोका दिसला तर अॅडमिट कराच, सुपरव्हिजनच्या (सीनियरसोबत केसवर बोलायच्या बैठकीच्या) तारखेची वाट बघू नका, सीनियरला त्याच दिवशी फोन करा. तसा धोका दिसला नाही तर अॅडमिट करायची कारणं कागदावर लिहा आणि बघा, हाच पेशंट तुम्हाला आवडत असता तर यातली किती टिकली असती. तो कागद घेऊनच सुपरव्हायजरकडे बसा.