झाडावर फांद्या कापायला चढताना घालायचा हार्नेस, म्हणजे कंबर-मांड्यांना बांधायचे सुरक्षा पट्टे, सकाळी एकदाच आवळून भागत नाही रे
कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडांच्या वर हवा आणि मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं सपाट जातील इतकीच जागा, मग चढायच्या आधी जमिनीपासून फूटभर वर जरा वेळ लटकून बघ, कुठे काचतंय ते तिथेच कळतं. झाडावर घामाने, हालचालीने पट्टे सरकतातच, त्यात करवत एका बाजूला लटकवलेली असली की कंबरपट्टा तिकडेच ओढला जातो, म्हणून फांदी बदलताना प्रत्येक वेळी बकलवरून हात फिरव. आवळायचंच असेल तर आधी पाय नीट टेकव, दुसरा लॅनयार्ड, म्हणजे स्वतःला झाडाशी अडकवायचा आखूड दोर, लाव, मगच बकलला हात. आणि पाय बधिर व्हायला लागले तर सरळ खाली ये, फांदी अर्धी राहिली तरी चालेल.