गूढ शब्दकोड्याला हात घालताना

पेन नको, पेन्सिल घे. आणि सूचनेचा, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या ओळीचा, सरळ अर्थ लावत बसू नकोस, तिथेच फसवतात. हे बघ: ‘बंद पडल्यावर रत्नागिरीची सुरुवात, होड्या इथेच लागतात (३)’. तू एसटीच्या संपात अडकशील! कंसातला ३ म्हणजे उत्तर तीन अक्षरी. व्याख्या, म्हणजे उत्तराचा खरा अर्थ सांगणारा भाग, बहुतेक एका टोकाला असते, इथे शेवटी. ‘बंद’ला रत्नागिरीचा ‘र’ जोड: बंदर. सुटल्यावर इतकं सोपं वाटतं की स्वतःचाच राग येतो. विलायतेत १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रामध्ये कोडी घालणाऱ्याने टोपणनावच घेतलं टॉर्केमाडा, छळासाठी कुप्रसिद्ध स्पॅनिश धर्माधिकाऱ्याचं. (निदान प्रामाणिक माणूस!) अगदीच अडलास तर सोलकढी-भात जेवून जरा आडवा हो. उत्तर बघायचंच तर एकच बघ, पण ते कसं आलं हे उलगडल्याशिवाय पुढच्या चौकटीला हात लावू नकोस.